पानाचं वय

"जागा संपली, काका," डॉ. नसीम मुजावर म्हणाल्या. "आक्कांच्या डबीत आता चमचाभर साखर मावेल एवढीसुद्धा जागा नाही."

मी खुर्चीत अंग चोरून बसलो होतो. कुठल्याही डॉक्टरांसमोर बसलं की आपण चुकून दुसऱ्याच खोलीत आलो आहोत असं मला वाटत राहतं. शेजारी माझी थोरली बहीण हेमलता, म्हणजे आमची आक्का, भिंतीवरचं मेंदूचं चित्र नाक मुरडून बघत होती.

"मग दुसरी डबी बसवा की," ती म्हणाली.

"तुमचं वय शहात्तर. हृदय एकदा दुरुस्त केलेलं. पुन्हा कवटी उघडायला मी तयार नाही, आणि भूल देणारे तर त्याहून नाहीत."

"म्हणजे आज काय जेवले ते मला उद्या आठवायचं नाही."

"उद्या कशाला? आत्ता बाहेर चहा घेतलात ना?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं. "घेतला का रे?"

"घेतलास. साखर कमी म्हणून त्या चहावाल्याला बोललीस पण."

"मग बरोबरच बोलले असेन."

मिरजेत आता बऱ्याच म्हाताऱ्यांच्या कानामागे ही डबी असते. मेंदूत आठवणी साठवणारा एक छोटा भाग आहे, तो झिजला की माणूस विसरायला लागतो. डबी त्या भागाचं काम करते. मेंदूतल्या पेशी ज्या लयीत पेटतात ती लय टिपून ठेवायची आणि मेंदूने हाक मारली की तीच लय बारीक तारांमधून परत द्यायची. आक्काची डबी सात-आठ वर्षांपूर्वी बसवली, तेव्हा तिच्या जुन्या आठवणी अजून पुरत्या पुसल्या नव्हत्या. म्हणून आधी काही महिने 'भरणी' झाली. रोज तिला खुर्चीत बसवायचं, जुने फोटो दाखवायचे, गोष्टी विचारायच्या, ती आठवून बोलायला लागली की डबी टिपून घ्यायची. एका बैठकीत जे आठवलं ते डबीत एकापाठोपाठ एक जाऊन बसलं. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

"डबी करणारी कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली," डॉक्टर म्हणाल्या. "पण आतली कार्यप्रणाली खुली आहे, कोणीही बदलू शकतं. माझ्याकडे असे आणखी सहा पेशंट आहेत. आक्का म्हणतात, माझ्या भावाने जन्मभर हेच केलंय."

"जन्मभर म्हणजे... करत होतो. पण मी काही मोठा माणूस नव्हतो त्यातला. माझे बदल लोक चार-चार वेळा परत पाठवायचे."

"आणि पाचव्यांदा?"

"पाचव्यांदा घ्यायचे."

"मग झालं की," आक्का म्हणाली. "मुक्या, नाही म्हणू नकोस. नाही म्हणायला लागलास की तू फार वेळ घेतोस."

माझं नाव मुकुंद. घरात मुक्या. लहानपणी पाहुणे आले की मी कपाटामागे जाऊन पुस्तक वाचत बसायचो, तेव्हापासूनचं ते नाव आहे.

*

काम काय होतं ते थोडक्यात सांगतो.

प्रत्येक संगणकाच्या तळाशी एक प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. मी गाभा म्हणतो. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्याकडे जागा मागतात आणि तो ती वाटून देतो. वाटणी सोपी जावी म्हणून तो सगळ्या स्मृतीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडतो. या तुकड्यांना पानं म्हणतात. आणि प्रत्येक पानामागे एक छोटी चिठ्ठी ठेवतो. पान कोणाचं, किती जण वापरतात, कशाला जोडलेलं, शेवटचा हात कधी लागला, असं त्या चिठ्ठीवर असतं.

जुन्या वाचनालयात कार्डांचं कपाट असायचं, तसंच हे. पुस्तकामागे एक कार्ड. पण पुस्तकं लाखांनी वाढली की कार्डांचं कपाटच एक अख्खी खोली अडवून बसतं. मग कोणीतरी म्हणतं, कार्ड लहान करा, तेवढी पुस्तकं जास्त मावतील. माझी नोकरीतली पंचवीस वर्षं या एका वाक्यात संपतात. चिठ्ठी लहान करणं.

मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे शेजारशेजारच्या पानांचे गठ्ठे बांधले आणि गठ्ठ्याला मिळून एकच चिठ्ठी दिली. ही रीत जुनीच आहे. दुसरी गोष्ट अशी की चिठ्ठीवरचे जे रकाने कोणी वाचत नव्हतं ते काढून टाकले.

त्यातला एक रकाना वयाचा होता. साध्या संगणकात जागा कमी पडली की गाभा सगळ्यात जुनं, बरेच दिवस हात न लागलेलं पान बाहेर टाकतो, त्यासाठी पानाचं वय ठेवावं लागतं. पण माणसाची आठवण बाहेर कशी टाकणार? डबी बनवणाऱ्यांनी बाहेर टाकणारा भाग पहिल्याच दिवशी बंद केला होता. वयाचा रकाना मात्र राहिला. भरणीच्या वेळी 'ही केव्हाची गोष्ट?' असं विचारून त्यात आकडा भरला जायचा, पुढे तो आपोआप वाढत जायचा. लिहिला जायचा, वाचला कुठेच जात नव्हता. मी सगळा प्रोग्राम चाळला. मला स्वतःवर विश्वास नसल्यामुळे पुन्हा चाळला. त्या रकान्याकडे बघणारी एकही ओळ नव्हती.

असा रकाना सापडला की आमच्या धंद्यातल्या माणसाला जो आनंद होतो तो बाहेरच्याला सांगता येत नाही. मी त्या संध्याकाळी स्वतःसाठी बुंदीचा लाडू आणला.

बदल आक्काच्या डबीत चढवला तो दवाखान्यातच. कानामागे एक पट्टी लावायची, ती माझ्या संगणकाशी बोलते. जुन्या चिठ्ठ्यांची नक्कल करून ठेवता आली असती तर बरं झालं असतं, पण डबीतलं काहीही बाहेर काढता येत नाही. तसा कायदाही आहे आणि तसं कुलूपही आहे. आत नक्कल ठेवायला जागा नव्हती, जागेसाठीच तर सगळा खटाटोप. तेव्हा एकेक जुनी चिठ्ठी पुसत, तिच्याच जागी नवी लिहीत गेलो.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"तू विचारतोस तेव्हाच जरा दुखतं," आक्का म्हणाली.

*

पहिला आठवडा सणासारखा गेला. आक्काला सकाळचा चहा दुपारी आठवायला लागला. शेजारच्या शिकलगारांच्या नव्या सुनेला तिने स्वतःहून नावाने हाक मारली. ती सून दारात उभी राहून रडली, कारण आक्काने तिला तोवर वीस वेळा 'तू कोण गं?' विचारलं होतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, बाकीच्या सहांना पुढच्या आठवड्यात बदल देऊ. मी 'जरा थांबू या' म्हणालो, पण ते मी सवयीने म्हणालो होतो.

मग एका सकाळी आक्का माझ्यावर चिडली.

"माझी सायकल कुठे ठेवलीस?"

"कुठली सायकल?"

"हिरवी! मैदानावर सोडून आलास ना वाचनाच्या नादात? आता मी कॉलेजला कशी जाऊ?"

ती सायकल हरवली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. मला वाटलं, भ्रम झाला. पण आक्का स्वतःच थांबली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "कॉलेज कुठलं आलंय आता मला. मला माहीत आहे रे. पण राग बघ कसा आत्ताचा आहे."

आणि तरीही अंगणात जाऊन कुंपणामागे सायकल बघून आली.

दुसऱ्या दिवशी ती गुणगुणत होती. मिरज आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून तिची नेमणूक झाली तो दिवस तिच्याकडे आला होता. ध्वनिक्षेपकावर बोलणारी ती तिथली पहिली बाई. "कवठेमहांकाळमार्गे जतला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे," असं ती भांडी विसळताना म्हणत होती, आणि तिचा चेहरा पंचविशीतला दिसत होता. मी मूर्ख, मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वाचनालयातून आलो तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. ओट्याला पाठ टेकून. दोन्ही हात पुढे, ओंजळीसारखे, त्यात काही नाही.

"आक्का?"

"त्यांनी चपला दिल्या," ती म्हणाली. "पिशवीत घालून. पोरगा आत आहे आणि मला चपला देतात."

तुषार आक्काचा एकुलता एक मुलगा. एकोणीस वर्षांचा असताना गणपतीत मंडळाच्या स्वागत कमानीवर दिव्यांच्या माळा बांधत होता, विजेचा धक्का बसून गेला. पुढे दोन-तीन वर्षांत भाऊजीही गेले, आणि मी पुण्याची खोली सोडून इथे राहायला आलो.

मी तिच्याजवळ बसलो. "आक्का, त्याला एकतीस वर्षं झाली," मी म्हणालो.

"मला शिकवतोस?" ती ओरडली. "एकतीस झाली हे मला माहीत नाही? त्याची श्राद्धं कोणी केली? मी वेडी झालेली नाही, मुक्या. मला सगळं सगळं माहीत आहे. पण ते आत्ता झालंय. हे आधी झालं की सकाळचा चहा आधी, ते मला सांगता येत नाही. माझ्या हातात त्या चपला आहेत, आणि त्या गरम आहेत."

त्या रात्री ती झोपली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली नाही. आमची आईही तिच्यासाठी आज गेली होती, भाऊजीही आज गेले होते, तुषारही आज. आणि रडून रडून जरा थांबली की पुन्हा पहिल्यापासून, कारण दुःख एका दिवसानेसुद्धा जुनं होत नव्हतं.

*

डॉ. मुजावरांनी तिला झोपेचं औषध देऊन तपासलं. मग मला पडद्याजवळ बोलावलं.

"हे बघा. आज सकाळचा चहा आठवताना मेंदूचा हा भाग असा पेटतो. आणि मुलाचं आठवताना असा."

दोन्ही चित्रं सारखी होती.

"एरवी फरक असतो. जुन्या गोष्टीला मेंदू मागच्या बाकावर बसवतो. यांचा मेंदू सगळ्यांनाच पहिल्या बाकावर बसवतोय. काका, तुम्ही नक्की काय काढलंत?"

मी सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. डॉक्टरांनी डबीच्या तारांचा आराखडा उघडला.

"डबी पान वाचायला घेते तेव्हा आधी त्याची चिठ्ठी वाचते, बरोबर? त्या वाचनाचा बारीकसा करंट याच तारांना लागून जातो. अगदी किरकोळ गळती. कंपनीने ती दुरुस्त केली नाही, कारण त्याने काही बिघडत नव्हतं. मोठं वय, थोडा वेगळा ठोका. छोटं वय, वेगळा. सात-आठ वर्षं रोज हजारो वेळा. मेंदू म्हणजे काय हो, जे नेहमी येतं त्याचा अर्थ लावत बसणारं यंत्र. तो ते ठोके शिकला."

"पण तो रकाना वाचणारी एकही ओळ नव्हती," मी म्हणालो. "मी दोनदा बघितलं."

"ओळ नव्हती, काका. आक्का होत्या."

आयुष्यभर मी प्रोग्रामच्या आत वाचणारा शोधत आलो. तो बाहेर, खुर्चीत बसून मला टोमणे मारत असेल, हे मला सुचलं नव्हतं. आमच्यातल्या कोणालाच सुचलं नसतं असं म्हणता येईल, पण त्याने मला काही दिलासा मिळत नाही.

"बाकीच्या सहांना..." मी म्हणालो.

"थांबवलं मी. आक्कांचं बोला. परत करता येईल?"

रकाना परत आणता येत होता. पानागणिक नाही, तेवढी जागा नव्हती, पण गठ्ठ्यामागे एक वय बसलं असतं. प्रश्न रकान्यात लिहायचं काय हा होता. जुने आकडे पुसले गेले होते. डबीतलं मला दिसत नाही, गठ्ठा चाळवला गेला तर त्याचा क्रमांक तेवढा पडद्यावर उजळतो. म्हणजे पुन्हा भरणीसारखंच. आक्काने एक गोष्ट आठवायची, गठ्ठा उजळला की मी तिला विचारून वय लिहायचं. असे हजारो गठ्ठे.

"तेवढा वेळ नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी आवाज खाली आणला, माझ्याशी नाही, जणू खोलीशी बोलत होत्या. "हे हृदय रोज मुलगा गेल्याची बातमी झेलणारं नाही. सगळ्यात जड गठ्ठा आधी घ्या. लवकर."

*

रकाना मी दोन दिवसांत परत बसवला. घरीच, बैठकीच्या खोलीत, आक्काच्या कानामागे पट्टी लावून आम्ही बसलो. ती वाळून गेली होती. डोळे सुजलेले. पडद्यावर एकच क्रमांक सारखा उजळत होता, विझत होता, पुन्हा उजळत होता. विचारायची गरजच नव्हती. कोणता गठ्ठा आहे ते मला समजत होतं.

"हाच ना?" मी विचारलं.

"हात लावू नकोस त्याला."

मला वाटलं ती भ्यायली. "आक्का, दुखणार नाही. गोष्ट पुसायची नाही, फक्त लांब जाईल. पूर्वी होती तेवढीच लांब."

"तेच तर," ती म्हणाली. "पूर्वी होती तेवढी लांब! तुला माहीत आहे का पूर्वी किती लांब होती? मला त्याचा आवाज आठवत नव्हता. एकतीस वर्षं माझ्याजवळ काय होतं? ती पिशवी, ते हॉस्पिटल, तो फिनेलचा वास. आवाज झिजून गेला होता. आता परत आलाय." तिने डोळे मिटले. "त्या दिवशी सकाळी मला ड्यूटीला उशीर झालेला. हा स्वयंपाकघरात आला, पळी उचलली, तोंडासमोर धरली माइकसारखी आणि माझी नक्कल करायला लागला. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे. देवघरमार्गे मंडळाच्या कमानीकडे जाणारी जलद गाडी फलाट क्रमांक एकवरून सुटत आहे. आईने डबा दिल्याशिवाय चालकाने गाडी सोडू नये.' फलाट क्रमांक एक म्हणजे आपली शेगडी. मी हसलेसुद्धा नाही रे. म्हटलं, सर तिकडे, दूध उतू जाईल."

ती हसली. तोंडाला पदर लावून, खुदकन, तरुण बाईसारखी. पुढच्या श्वासाला तिचा चेहरा पिळवटला, कारण त्या सकाळनंतर ती संध्याकाळ येते.

पडद्यावर पूर्ण वेळ तोच एक क्रमांक उजळत होता.

सकाळ आणि संध्याकाळ एकाच गठ्ठ्यात होती. भरणीच्या वेळी तिने तो दिवस एका बैठकीत सांगितला असणार, पानं शेजारी बसली असणार, आणि मी शेजारची पानं एकत्र बांधली. दोघांना मिळून एक चिठ्ठी. एक वय.

मी तिला ते सांगितलं. तिने माझ्या तोंडाकडे बघून आधीच ओळखलं होतं.

"तोडता येत नाही?"

"गठ्ठा सोडता येईल. पण आत सकाळ कुठे संपते हे मला दिसत नाही. अंदाजाने कापायचं. कापताना चुकलो, तर... तर सकाळ लांब जाईल आणि दुसरं जवळ राहील."

"आणि तू चुकतोस."

"हो," मी म्हणालो.

"मग राहू दे," आक्का म्हणाली, आणि पट्टी काढून टाकली.

*

त्यानंतरचे दिवस मला नीटसे सांगता येणार नाहीत. ती दिवसातून कितीदा हसायची आणि त्याच श्वासात किंचाळायची. शिकलगारांची सून भाताची पेज करून आणायची, आक्का दोन घोट घ्यायची. एकदा बोलता बोलता तिचे ओठ निळे पडले, रुग्णवाहिका आली, चार दिवस तिला ठेवून घेतलं. सोडताना डॉक्टर मला जिन्यात घेऊन गेल्या.

"पुढच्या वेळी मी यांना परत आणू शकेन असं नाही, काका."

घरी आल्यावर पट्टी पुन्हा लावावी लागली, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायला. आक्का पलंगावर पडून होती, मी संगणकासमोर. क्रमांक उजळला. रकाना उघडा होता. एकतीस लिहायचं आणि बटण दाबायचं, एवढंच होतं. तिला कळलंही नसतं कोणत्या क्षणी झालं ते. ती वाचली असती. माझं बोट बटणावर होतं, किती वेळ ते मला ठाऊक नाही. मी तिचा कोण, की तिच्या मुलाचा आवाज तिला न विचारता लांब नेऊन ठेवावा? आणि कोणीच नसेन तर मग तिला मरू द्यावं का? पुस्तकं वाचून माझं आयुष्य गेलं. एकाही पुस्तकातलं काही उपयोगी पडेना.

"दाबणार होतास ना?" पलंगावरून आवाज आला.

मी बोट काढलं. "हो."

"न विचारता."

"हो."

"मग का नाही दाबलंस?"

"धीर झाला नाही."

"बरं झालं. तुझा भित्रेपणा एकदा तरी कामाला आला." मग तिने हात पुढे केला. "बसव मला उठवून."

मी तिला पाठीला उशी देऊन बसवलं. ती हलकी झाली होती, वाळत घातलेल्या साडीसारखी.

"मुक्या, मी काल विचार केला. मी मेले तर तो आवाज कुठे राहील?"

मी तिची उशी सारखी करत राहिलो.

"कुठेच नाही. तू माझ्या तोंडून ऐकलायस, तेवढाच. म्हणजे दोन्ही बाजूंनी तो जायचाच. मग एक बाजू अशी की मी राहीन." तिने पदराने तोंड पुसलं. "आणि सकाळ संध्याकाळपासून सुटी करून मला नकोच. तू बांधलंस म्हणून नव्हे. ती बांधलेलीच होती."

"आक्का, पंधरा लिहू का?" मी म्हणालो. हे मला त्याच क्षणी सुचलं होतं. "एकतीस नको. पंधरा वर्षं. थोडा जवळ राहील. आवाज कदाचित..."

"पंधरा?" ती आगारातल्या आवाजात म्हणाली. "खोटं वेळापत्रक लावायचं नाही. फलाटावर माणसं खोळंबतात. जी वेळ आहे ती लाव."

तिने डोळे मिटले. तिचे ओठ हलायला लागले, आवाज नव्हता, पण मला शब्द ओळखू येत होते. प्रवाशांनी लक्ष द्यावे. देवघरमार्गे. मध्येच ती हसली. या वेळी ती 'सर तिकडे' म्हणाली नाही. तिने त्याला पूर्ण बोलू दिलं.

क्रमांक उजळला.

"सोड गाडी," आक्का म्हणाली.

मी एकतीस लिहिलं आणि बटण दाबलं.

*

काहीच झालं नाही, आधी. ती तशीच बसून होती. मग तिच्या खांद्यांमधला ताण एकेक करून सुटत गेला. ठोक्यांची रेघ खाली आली, सपाट नाही, नुसती शांत. तिने डोळे उघडले आणि खिडकीकडे पाहिलं. बाहेर शिकलगारांच्या अंगणात सतारींसाठी आणलेल्या नव्या भोपळ्यांच्या तुंब्या उन्हात वाळत होत्या.

"तुषार जाऊन एकतीस वर्षं झाली, नाही रे?" ती म्हणाली.

"हो."

"हं," ती म्हणाली. "लांब गेला."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते जुनं पाणी होतं, वर्षश्राद्धाला येतं तसं. पेज मागितली. वाटी स्वतः धरली. मी समोर बसून राहिलो. अजून हजारो गठ्ठे तसेच होते. उद्या आई होती, परवा भाऊजी. सायकलसुद्धा होती. ती हिरवी सायकल पन्नासहून जास्त वर्षं जुनी करायची होती. आम्ही दोघं मिळून जेवढं जगू त्यात हे संपणार नव्हतं. आणि त्या चिठ्ठ्यांवरून मी आणखी काही काढून टाकलंय का, जे कोणीतरी कुठेतरी वाचत होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

वाटी खाली ठेवून आक्का म्हणाली, "तो त्या दिवशी सकाळी काहीतरी करत होता बघ. पळी घेऊन. काय म्हणत होता रे?"

"तुला आठवत नाही?"

"आठवतं की. शब्द आठवतात थोडे. पण ऐकू येत नाही." ती ओशाळल्यासारखी हसली. "तुझ्याकडे ताजं असेल अजून."

मी उठलो. स्वयंपाकघरात गेलो, पळी घेतली आणि परत येऊन तिच्यासमोर उभा राहिलो. आयुष्यात मी कधी चार माणसांसमोर चार वाक्यं बोललो नाही. पळी तोंडासमोर धरली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," मी म्हणालो. "देवघरमार्गे मंडळाच्या कमानीकडे जाणारी जलद गाडी फलाट क्रमांक तीनवरून..."

"एक," आक्का म्हणाली. "फलाट एक. आणि एवढं तोंडातल्या तोंडात बोललास तर गाडी चुकेल लोकांची. मोठ्याने बोल."

मी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्याने.